आत्मविश्वास आणि मनःस्वास्थ्य : एका समीकरणाचा इतिहास

‘आत्मविश्वास’ हा शब्द मराठीत आज इतका रुळला आहे की, तो दोन भिन्न कल्पनांचे ओझे वाहतो हे सहसा ध्यानात येत नाही. विहिरीच्या काठावरून सूर मारणाऱ्या पोहणाऱ्याच्या मनात जो विश्वास असतो तो स्वतःच्या सामर्थ्याविषयीचा होय. अमुक एक कृती आपल्या हातून पार पडेल, एवढाच त्याचा आशय. याहून निराळी अशी दुसरी एक भावना आहे. कृती साधो वा न साधो, माणूस म्हणून आपली काही किंमत आहे, अशी ती भावना. इंग्रजीत पहिलीस ‘सेल्फ-कॉन्फिडन्स’ व दुसरीस ‘सेल्फ-एस्टीम’ म्हणतात. मराठीत दुसरीसाठी आत्मसन्मान, आत्मप्रतिष्ठा, स्वाभिमान असे शब्द योजले जातात. परंतु मनःस्वास्थ्याची चर्चा निघाली म्हणजे दोन्ही अर्थ ‘आत्मविश्वास’ या एकाच शब्दात मिसळून जातात. आत्मविश्वास कमी असला की मन आजारी पडते आणि तो वाढविला की मन निरोगी होते, हे विधान तर आता पालकसभेपासून व्याख्यानमालेपर्यंत सर्वत्र निःशंकपणे केले जाते. या विधानाला सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि तो बराच वादग्रस्त आहे. त्यातील कोणत्या भागास आधार मिळाला आणि कोणता भाग केवळ शब्दांच्या संगतीने टिकून राहिला, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

प्रारंभीच एक गोष्ट नमूद करावयास हवी. स्वतःविषयीचा उच्च भाव हे दीर्घकाळपर्यंत दोषाचे लक्षण समजले जात असे. ख्रिस्ती नीतिविचारात महापातकांच्या यादीत गर्वाला अग्रस्थान होते. आपल्याकडे भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची जी लक्षणे सांगितली आहेत त्यांत ‘अमानित्व’ हे पहिले. ज्ञानेश्वरांनी त्याचा केलेला विस्तार मराठी वाचकास सांगावयास नको. मिल्टनने १६६७ च्या आपल्या महाकाव्यात ‘सेल्फ-एस्टीम’ हा शब्द स्तुतिपर अर्थाने वापरला खरा, पण तेथेही हा भाव न्याय्य व यथार्थ पायावर उभा असला पाहिजे, अशी अट घातलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगणाऱ्या मस्तकसामुद्रिकाचा युरोपात बोलबाला होता. जॉर्ज कूम याच्या यादीत आत्मप्रतिष्ठेची म्हणून एक स्वतंत्र शक्ती आहे आणि तिचे स्थान माथ्याच्या मागील बाजूस दाखविलेले आहे. वेड्यांच्या इस्पितळात स्वतःस राजा किंवा सम्राट समजणारे रोगी ही त्या शक्तीच्या विकृतीची उदाहरणे मानली जात. म्हणजे आत्मप्रतिष्ठेचा मनोविकाराशी संबंध त्या काळीही जोडला जात होताच. फक्त तो आजच्या उलट दिशेने जोडला जाई. हे शास्त्र पुढे खोटे ठरले, तरी मनाचा एक गुण म्हणजे कमीअधिक मोजता येणारी एक राशी होय, ही त्याची कल्पना मात्र निराळ्या वेषात टिकून राहिली.

आधुनिक विचाराचा आरंभ विल्यम जेम्सपासून करावा लागतो. त्याच्या ‘मानसशास्त्राची तत्त्वे’ या १८९० च्या ग्रंथातील दहाव्या प्रकरणात आत्मप्रतिष्ठेचे प्रसिद्ध समीकरण येते. माणसाला मिळालेल्या यशास त्याच्या आकांक्षांनी भागले असता जे लब्ध येते ती त्याची आत्मप्रतिष्ठा. जेम्सने यासाठी स्वतःचेच उदाहरण घेतले आहे. मानसशास्त्रज्ञ होण्यावर त्याने आपले सर्वस्व पणास लावले होते. म्हणून दुसऱ्या कोणास मानसशास्त्र अधिक येते असे दिसले की त्याला ओशाळे वाटे. ग्रीक भाषेतील अज्ञानाबद्दल मात्र त्याला यत्किंचितही लाज नव्हती, कारण ते क्षेत्र त्याने आपले मानलेच नव्हते. या समीकरणाचे मर्म ते एक गुणोत्तर आहे यात आहे. अंश वाढवून जे साधते तेच छेद कमी करूनही साधते. एखादी निष्फळ आकांक्षा सोडून देणे ही एक मोठी सुटका असते, असे जेम्सने आवर्जून सांगितले आहे. पुढील शतकात हे समीकरण असंख्य वेळा उद्धृत झाले. परंतु त्यातील छेदाची कोणी फारशी वास्तपुस्त केली नाही.

जेम्सच्या या विचारामागे वैयक्तिक अनुभवही होता. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, १८७० मध्ये, तो तीव्र विषण्णतेतून जात होता. त्या वर्षीच्या ३० एप्रिलच्या दैनंदिनीत, रनूव्हिए या फ्रेंच तत्त्वज्ञाचे लेखन वाचून आपण इच्छास्वातंत्र्यावर विश्वास ठेवण्याचे ठरविले आहे, अशी नोंद त्याने केली. जेम्सच्या चरित्रकारांनी या नोंदीला पुष्कळ महत्त्व दिले आहे आणि विश्वासाने मन बरे होते याचा पुरावा म्हणून ती पुढे केली जाते. तथापि येथे त्याने विश्वास ठेवला तो स्वतःच्या थोरवीवर नसून कृती करण्याच्या शक्यतेवर, हे विसरता कामा नये. शिवाय त्या एका दिवसाने त्याचा आजार संपला असेही नाही. पुढे अनेक वर्षे विषण्णतेचे झटके त्याला येतच राहिले.

आल्फ्रेड आड्लरच्या हातून हा विषय वैद्यकात शिरला. शारीरिक न्यूनतेविषयीचा त्याचा ग्रंथ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला, १९११ मध्ये त्याने फ्रॉइडची साथ सोडली आणि १९१२ मध्ये मज्जाविकृत स्वभावाविषयीचे विवेचन प्रसिद्ध केले. लहानपणी तो मुडदुसाने पीडित होता, ही गोष्ट त्याच्या सिद्धान्ताच्या संदर्भात नेहमी सांगितली जाते. प्रत्येक मूल प्रारंभी दुबळे असते, त्या दुबळेपणाची जाणीव त्याला प्रयत्नास प्रवृत्त करते आणि ती जाणीव असह्य झाली की माणूस तिच्यावर खोट्या श्रेष्ठत्वाचे पांघरूण घालतो, असे आड्लरचे म्हणणे. त्याची उपाययोजना मात्र आजच्या वाचकास अनपेक्षित वाटेल. मुलाची स्तुती करून त्याची भीड चेपावी, असे त्याने सांगितले नाही. त्याचा भर ज्याला समष्टिभाव म्हणता येईल त्या वृत्तीवर होता. इतरांच्या कामी येण्यातून न्यूनतेची बोच कमी होते, असे त्याचे मत होते. महायुद्धानंतरच्या व्हिएन्नात शाळांना जोडून त्याने बालमार्गदर्शन केंद्रे उभारली. १९३४ नंतरच्या राजवटीत ती बंद पडली.

मराठीत आड्लरचे स्मरण राहिले ते ‘न्यूनगंड’ या शब्दाने. हा शब्द घडला मोठ्या कौशल्याने. ‘गंडमाळ’ या शब्दामुळे ‘गंड’ म्हणजे अंगावर उठलेली गाठ, हा अर्थ मराठी भाषकास परिचित होताच. मनात बसलेली गाठ हा लाक्षणिक अर्थ त्यामुळे चटकन पटला. ‘अहंगंड’ हा त्याचा जोडीदारही आला. परंतु रूपकाबरोबर रूपकाचा दोषही येतो. गाठ ही एका शरीरात असते व ती कापून काढता येते. आड्लरची न्यूनता मात्र माणसामाणसांतील संबंधात होती. ‘त्याला न्यूनगंड आहे’ या वाक्यात ती संबंधाची बाजू गळून पडली आणि उरली एका माणसाच्या ठिकाणची व्याधी.

याच सुमारास फ्रान्समध्ये एमिल कुए या औषधविक्रेत्याने स्वयंसूचनेचा पंथ चालविला होता. सकाळी व रात्री, वीस गाठी मारलेली दोरी बोटांनी मोजत, आपली प्रकृती दिवसेंदिवस सुधारत आहे अशा अर्थाचे एक ठरीव वाक्य वीस वेळा पुटपुटावे, एवढाच त्याचा उपचार. १९२० नंतरच्या काही वर्षांत इंग्लंड-अमेरिकेत त्याला अफाट लोकप्रियता लाभली; १९२६ मध्ये तो वारला. शास्त्रीय मानसशास्त्राने त्याची दखल फारशी घेतली नाही. स्वतःविषयीचे एखादे वाक्य हेच औषध होऊ शकते ही कल्पना मात्र तेथून लोकव्यवहारात रुजली. तिची रीतसर परीक्षा होण्यास २००९ साल उजाडावे लागले. कॅनडातील जोआन वुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही व्यक्तींना आपण प्रेमास पात्र आहोत अशा अर्थाचे विधान मनाशी पुन्हा पुन्हा म्हणावयास लावले. ज्यांची आत्मप्रतिष्ठा मुळात चांगली होती त्यांना त्यामुळे किंचित बरे वाटले. ज्यांची कमी होती, म्हणजे ज्यांच्यासाठी हा उपाय सांगितला जातो, त्यांना उलट अधिक वाईट वाटले. जे वाक्य मनाला खोटे वाटते ते उच्चारताना त्याचे खंडन करणारी सारी उदाहरणे मनात गोळा होतात, असा याचा एक उलगडा दिला जातो.

या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वर्ष बहुधा १९६५ हे मानावे लागेल. त्या वर्षी मॉरिस रोझेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाचा ‘समाज आणि किशोरवयीनांची आत्मप्रतिमा’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्क राज्यातील १० सरकारी माध्यमिक शाळा यादृच्छिक पद्धतीने निवडून त्यांतील वरच्या दोन इयत्तांच्या ५,०२४ विद्यार्थ्यांकडून त्याने प्रश्नावली भरून घेतली. तीत स्वतःविषयीची दहा विधाने होती. पाच अनुकूल, पाच प्रतिकूल. प्रत्येकापुढे संमतीच्या चार पायऱ्या. ही दहा विधाने म्हणजेच पुढे जगभर पसरलेली रोझेनबर्ग मापनश्रेणी होय. वर्गात बसून दोनतीन मिनिटांत भरता येईल इतकी ती सुटसुटीत होती, आणि तिच्या प्रसाराचे अर्धे श्रेय या सुटसुटीतपणाला द्यावे लागेल.

रोझेनबर्गला काय आढळले? ज्यांचे गुण कमी आले त्या मुलामुलींत विषण्णतेचे प्रमाण जास्त होते. हात थरथरणे, डोके दुखणे, झोप न लागणे यांसारख्या चिंतेशी निगडित तक्रारीही त्यांच्यात अधिक होत्या. ‘आत्मविश्वास व मनःस्वास्थ्य’ या जोडीला अंकांचे बळ मिळाले ते येथे. परंतु ग्रंथाचा मोठा भाग दुसऱ्याच गोष्टींना वाहिलेला आहे. आईवडिलांना मुलाचे मित्र ठाऊक आहेत काय, प्रगतिपुस्तकाकडे ते लक्ष देतात काय, जेवताना त्याचे बोलणे ऐकून घेतले जाते काय, असे प्रश्न त्याने विचारले. त्यावरून असे दिसले की, रागावणाऱ्या पालकांपेक्षाही उदासीन पालकांच्या मुलांची आत्मप्रतिष्ठा अधिक खालावलेली असते. तसेच ज्या वस्तीत आपल्या धर्माचे लोक अल्पसंख्य आहेत अशा वस्तीत वाढलेल्या मुलांतही ती कमी आढळली. म्हणजे रोझेनबर्गच्या लेखी आत्मप्रतिष्ठा हा घराचा व शेजाराचा माणसावर पडलेला ठसा होता. आपण इतरांहून श्रेष्ठ आहोत असे वाटणे त्याला अभिप्रेत नव्हतेच. आपण आहोत तसे ठीक आहोत, पुरेसे आहोत, इतकीच त्याची अपेक्षा. शिवाय ही पाहणी एका वेळेची होती. कमी आत्मप्रतिष्ठेने विषण्णता येते, की विषण्ण मनाला स्वतःची किंमत कमी वाटते, हे अशा पाहणीतून ठरविता येत नाही. पुढील वीस वर्षांत लोकांनी दहा विधाने तेवढी उचलली आणि ही बंधने ग्रंथातच ठेवली.

समाजाकडून होणारा अपमान मनात कसा उतरतो, या प्रश्नाचा एक धागा येथे वेगळा काढून पाहावयास हवा. केनेथ व मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या व सावळ्या बाहुल्या ठेवल्या. १३४ मुले आर्कान्सामधील वर्णविभक्त शाळांतील होती, ११९ मॅसॅच्युसेट्समधील एकत्र शाळांतील. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सुमारे दोन तृतीयांश मुलांनी खेळावयास गोरी बाहुली मागितली आणि निम्म्याहून अधिक मुलांनी सावळी बाहुली ‘वाईट’ म्हणून दाखविली. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णविभक्त शाळा घटनाबाह्य ठरविल्या, त्या निकालपत्राच्या अकराव्या तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या कार्याचा आधार घेतलेला आहे. न्याय्य निर्णयाला मानसशास्त्राची अशी साक्ष मिळाली याचे समाधान वाटणे स्वाभाविक आहे. पण आकडे सरळ नव्हते. एकत्र शाळांतील उत्तरेकडच्या मुलांत गोऱ्या बाहुलीची ओढ दक्षिणेतील मुलांपेक्षा काहीशी अधिकच होती. पुढे रोझेनबर्ग व रोबर्टा सिमन्स यांनी १९६८ मध्ये बाल्टिमोर शहरातील शाळकरी मुलांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा कृष्णवर्णीय मुलांची आत्मप्रतिष्ठा गोऱ्या मुलांहून कमी असल्याचे आढळले नाही. २००० साली ग्रे-लिट्ल व हाफ्डाल यांनी केलेल्या व्यापक संख्याशास्त्रीय आढाव्यात तर ती सरासरीने किंचित अधिकच भरली.

याचा उलगडा रोझेनबर्ग व सिमन्स यांनी जेम्सच्या छेदाकडे परत जाऊनच केला, असे म्हणता येईल. मूल स्वतःला तोलते ते आई, शिक्षक व सवंगडी यांच्या तराजूत. दूरच्या तिरस्कर्त्याचे मत त्याने आपले मानलेच पाहिजे असे नाही. येथून जो निष्कर्ष निघतो तो महत्त्वाचा आहे. अन्याय हा अन्याय ठरण्यासाठी त्याने पीडिताचे मन खचविलेच पाहिजे, अशी अट असू नये. खचले नाही म्हणून अन्यायाचे गांभीर्य कमी होत नाही. महाराष्ट्रातील अनुभव या बाबतीत विचारात घेण्याजोगा आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्य मानलेल्या समाजाने प्राशन केले. पुढील महिन्यात ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. या चळवळीतून ‘स्वाभिमान’ हा शब्द ज्या अर्थाने घडला तो अर्थ दहा विधानांच्या मापनश्रेणीत बसणारा नाही. तो सार्वजनिक आहे, सामुदायिक आहे आणि कृतीतून सिद्ध होणारा आहे. ‘आत्मविश्वास’ हा शब्द एकवचनी मनाचा. ‘स्वाभिमान’ हा पुष्कळदा समाजाचा. मराठीने हा भेद राखला आहे, आणि मानसशास्त्राची परिभाषा घडविताना तो पुसला जाऊ नये.

एका मनाकडे पाहण्याची ती दुसरी दृष्टी परमावधीस पोहोचली कॅलिफोर्नियात. तेथील विधिमंडळाचे सदस्य जॉन व्हास्कॉन्सेलॉस यांच्या आग्रहावरून १९८६ मध्ये आत्मप्रतिष्ठेच्या संवर्धनासाठी २५ सदस्यांचे एक शासकीय कृतिदल स्थापन करण्यात आले. तीन वर्षांसाठी दरसाल २ लाख ४५ हजार डॉलर मंजूर झाले. गुन्हेगारी, अमली पदार्थांचे व्यसन, बालकांचा छळ, शाळेतील अपयश, सरकारी मदतीवरचे परावलंबन या साऱ्यांचे मूळ स्वतःविषयीच्या हीन भावनेत आहे, ती दूर झाली की हे प्रश्न सुटतील आणि राज्याचा पैसाही वाचेल, ही त्यामागील भूमिका. १९९० च्या जानेवारीत अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात आत्मप्रतिष्ठेला सामाजिक रोगांवरील लसीची उपमा दिलेली होती. वृत्तपत्रांत व व्यंगचित्रांत प्रारंभी या उपक्रमाची टर उडविण्यात आली. अहवालानंतर मात्र अमेरिकेतील शाळांत आत्मप्रतिष्ठेच्या वर्धनाचे कार्यक्रम धडाक्याने सुरू झाले.

या प्रकरणातील उद्बोधक भाग अहवालाच्या एक वर्ष आधीचा आहे. कृतिदलाला शास्त्रीय आधार असावा म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठातील अभ्यासकांकडून प्रत्येक सामाजिक प्रश्नावरील संशोधनाचा आढावा लिहून घेण्यात आला आणि तो १९८९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. समाजशास्त्रज्ञ नील स्मेल्सर यांनी त्याच्या प्रस्तावनेत प्रांजळपणे नमूद केले की, आत्मप्रतिष्ठा व तिचे समजले जाणारे परिणाम यांतील सहसंबंध जवळजवळ सर्वच प्रकरणांत निराशाजनक रीत्या क्षीण आढळले. अर्थात ज्या पुराव्यावर इमारत उभारावयाची तो पुरावा इमारतीच्या पायाभरणीपूर्वीच कच्चा ठरला होता, आणि हे ग्रंथात छापलेलेही होते. तरीही धोरणाला त्याची बाधा झाली नाही. विद्वानांनी लिहिलेली प्रस्तावना किती लोक वाचतात, हा प्रश्न यानिमित्ताने मनात आल्यावाचून राहत नाही.

२००३ मध्ये रॉय बाउमायस्टर व तीन सहकाऱ्यांनी या सर्व वाङ्मयाची झाडाझडती घेतली. पंधरा हजारांहून अधिक लेखांची नोंद त्यांना प्रथम सापडली; त्यांतून वस्तुनिष्ठ मापनावर आधारलेले अभ्यास त्यांनी वेगळे काढले. आत्मप्रतिष्ठा वाढविल्याने अभ्यासातील प्रगती सुधारते यास आधार मिळाला नाही. उलट चांगल्या प्रगतीचा परिणाम म्हणून ती काही अंशी वाढते असे दिसले. धूम्रपान, मद्यपान यांपासूनही ती मुलांना परावृत्त करीत नाही. दोन गोष्टी मात्र टिकून राहिल्या. आत्मप्रतिष्ठा उच्च असणाऱ्यांत पुढाकार घेण्याची वृत्ती अधिक असते आणि ते अधिक सुखी असल्याचे स्वतः सांगतात. तसेच काही परिस्थितींत तिच्या अभावातून विषण्णता संभवते. मनःस्वास्थ्याशी असलेला दुवा तेवढा या झाडाझडतीतून शिल्लक राहिला.

हा दुवा कितपत बळकट आहे, हे ठरविताना भाषेचा एक अडथळा येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत विषण्णतेच्या लक्षणांमध्येच आत्मप्रतिष्ठा व आत्मविश्वास कमी होणे हे एक लक्षण म्हणून दिलेले होते. २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीतही स्वतःची किंमत शून्य वाटणे याचा अंतर्भाव आहे. जी गोष्ट रोगाच्या व्याख्येतच आहे ती रोगाबरोबर आढळली तर त्यात नवल ते काय? एकाच वेळी घेतलेल्या पाहण्यांतून येणारा मोठा सहसंबंध म्हणूनच काहीसा फसवा असतो. खरा प्रश्न काळाच्या क्रमाचा आहे. आरन बेक यांनी १९६७ मध्ये विषण्णतेविषयी जे विवेचन केले त्यात स्वतःविषयीच्या प्रतिकूल धारणा ही रोगाची पूर्वभूमी मानली होती. याउलट, विषण्णतेचा एक झटका येऊन गेला की तो आत्मप्रतिष्ठेवर व्रण ठेवून जातो, असाही एक पक्ष होता. एकाच व्यक्तीचे काही काळाच्या अंतराने पुन्हा मापन केल्यावाचून या वादाचा निकाल लागणे शक्य नव्हते.

२०१३ मध्ये युलिया सोविस्लो व उल्रिख ओर्थ यांनी अशा दीर्घकालीन अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. विषण्णतेविषयीचे ७७ व चिंतेविषयीचे १८ अभ्यास त्यात होते. प्रारंभीची विषण्णता हिशेबात धरूनही, आधीच्या कमी आत्मप्रतिष्ठेचा नंतरच्या विषण्णतेवर परिणाम दिसला. त्याचा प्रमाणित गुणक उणे ०.१६ होता. विषण्णतेचा नंतरच्या आत्मप्रतिष्ठेवरील परिणाम उणे ०.०८, म्हणजे त्याच्या निम्मा. चिंतेच्या बाबतीत दोन्ही दिशांचे परिणाम जवळजवळ सारखे होते: उणे ०.१० व उणे ०.०८. म्हणजे बेक यांच्या पक्षाला पुष्टी मिळाली, यात संशय नाही. पण ०.१६ हा आकडा कॅलिफोर्नियातील लसीच्या उपमेशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. परिणाम खरा आहे, टिकाऊ आहे आणि लहान आहे. हजारो व्यक्तींच्या सरासरीत तो दिसतो. समोर बसलेल्या एका विषण्ण विद्यार्थ्याचे दुखणे आत्मविश्वासाच्या अभावातूनच उद्भवले, असे त्यावरून म्हणता येत नाही. तसे म्हणण्याने एक अनर्थही होतो. आजारी माणसाच्या दुःखात, आपण पुरेसा आत्मविश्वास बाळगला नाही या नव्या अपराधाची भर पडते.

मापनश्रेणीच्या भाषांतराचा प्रश्न तर भाषाभ्यासकाच्या दृष्टीने याहूनही कुतूहलाचा आहे. श्मिट व आलिक यांनी २००५ मध्ये ५३ देशांत, २८ भाषांत, १६,९९८ व्यक्तींकडून रोझेनबर्गची दहा विधाने भरून घेतल्याचे प्रसिद्ध केले. सर्व देशांची सरासरी मध्यबिंदूच्या वर होती आणि जपानची सर्वांत खाली होती. त्याबरोबरच प्रतिकूल विधानांचा अर्थ निरनिराळ्या देशांत सारखा घेतला जात नाही, असे आढळले. मराठी भाषकास याचे आश्चर्य वाटू नये. ‘तुला हे जमत नाही ना?’ या प्रश्नाला ‘हो’ आणि ‘नाही’ अशी दोन्ही उत्तरे मराठीत एकाच अर्थाने येऊ शकतात. मग ‘मला अमुक वाटत नाही’ या विधानापुढे ‘असहमत’ अशी खूण करणाऱ्याने नेमके काय म्हटले? स्वतःविषयी अधिक आदर वाटावा अशी इच्छा प्रकट करणारे जे एक विधान श्रेणीत आहे त्याला संमती दिली की गुण कमी होतात. मराठीत मात्र अशी इच्छा व्यक्त करणे हा विनयाचा, किंबहुना सुसंस्कृतपणाचा भाग समजला जाईल. आपल्या ग्रंथकारांनी प्रस्तावनांत स्वतःच्या अल्पमतीचा जो उल्लेख परंपरेने केला तो या मापनश्रेणीत भरला असता, तर मराठी वाङ्मयाचा इतिहास हा न्यूनगंडाचा इतिहास ठरला असता.

आत्मविश्वासाचा जो पहिला अर्थ, म्हणजे अमुक कृती आपल्याला साधेल असा विश्वास, त्याकडे अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये पुन्हा लक्ष वेधले. सापाची तीव्र भीती असलेल्या व्यक्तींकडून टप्प्याटप्प्याने साप हाताळवून घेतला असता केवळ पाहण्यापेक्षा त्यांचा विश्वास अधिक वाढला व भीती अधिक ओसरली. येथे विश्वास आधी व कृती मागाहून असा क्रम नसून दोन्ही हातात हात घालून चालतात. भीतिविकारांच्या उपचारात या तत्त्वाने पुष्कळ यश मिळविले आहे.

सर्वांत मूलगामी आक्षेप मात्र मानसोपचारकांच्याच गोटातून आला. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून विकसित केलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत आत्मप्रतिष्ठा वाढविण्याचे ध्येयच नाकारले आहे. २००५ मध्ये त्यांनी या कल्पनेला मिथक ठरविणारा एक स्वतंत्र ग्रंथही लिहिला. माणसाच्या एखाद्या कृतीचे मूल्यमापन करता येते, संपूर्ण माणसाचे करता येत नाही. म्हणून स्वतःला उच्च गुण देणे हेही नीच गुण देण्याइतकेच तर्कदुष्ट होय, असा त्यांचा युक्तिवाद. आज मिळालेले यश उद्या हुकले की उच्च गुणांचा माणूस पुन्हा खाली येतो. म्हणून गुण न देता स्वतःचा विनाअट स्वीकार करावा, असे ते सांगत. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार करून ही विचारसरणी आत्मसात केली आणि मराठी वाचकांपर्यंत पोहोचविली.

एलिस यांचा हा आक्षेप मुळात व्याकरणाचा आहे. कोर्झिब्स्की यांच्या अर्थविचाराच्या प्रभावाखाली त्यांनी व रॉबर्ट हार्पर यांनी १९७५ चा आपला ग्रंथ इंग्रजीतील ‘असणे’ या क्रियापदाची सर्व रूपे टाळून लिहिला. माणूस व गुण यांत ‘आहे’ची बरोबरी मांडणारे वाक्यच लिहिता येऊ नये, हा त्यामागील हेतू. मराठीत हा प्रयोग जसाच्या तसा साधणार नाही. ‘मी नालायक’ हे वाक्य मराठीत क्रियापदावाचूनही पुरे होते, आणि ‘आहे’ काढून टाकल्याने त्याची धार कमी न होता वाढते. परीक्षेचा निकाल पाहून आलेला मुलगा ‘मी नापास झालो’ असे म्हणतो तेव्हा तो एक घटना सांगत असतो. ‘मी नापास’ एवढेच म्हणून तो गप्प बसतो तेव्हा तीच घटना त्याचे विशेषण झालेली असते. मराठीतून बोलणाऱ्या रुग्णाशी काम करणाऱ्या उपचारकाला या दोन वाक्यांमधील ‘झालो’ परत मिळवून द्यावा लागतो.